पडझड आणि जीर्णोद्धार

(मंदिराच्या कलशारोहण सोहळ्यात सभामंडपात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उद्या सकाळी शिखरावर कळस चढेल. गेली कित्येक वर्षे या मंदिराकडे पाहताना जीव कसा हळहळत होता, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गाभाऱ्यात पावसाचे पाणी गळत होते, सभामंडपाच्या तुळयांना वाळवी लागली होती, आणि पारावर बसणारी म्हातारी माणसे "आमच्या डोळ्यांदेखत होईल का हे काम?" असे विचारीत होती. ते काम आज झाले आहे. अशा प्रसंगी जीर्णोद्धार या शब्दाचा थोडा विचार व्हावा हे उचितच. आणि जीर्णोद्धार म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एक देऊळ यायला हवे. ते देऊळ मोठे नव्हते. त्याच्या कामाला समिती नव्हती, पावतीपुस्तक नव्हते, देणगीदारांची संगमरवरी पाटी नव्हती. गावातल्या एका दिवाळे निघालेल्या वाण्याने स्वतः माती कालवून ते उभे केले. ते देऊळ देहूचे, आणि तो वाणी म्हणजे तुकोबा.

संत तुकाराम महाराज कोणाला ठाऊक नाहीत? घरोघरी त्यांची तसबीर आहे. पण तसबिरीत दिसतात ते हाती वीणा घेतलेले, कपाळी टिळा लावलेले, शांत चेहऱ्याचे तुकोबा. त्याच्या अगोदर एक तुकोबा होऊन गेले. विशीतले, खचलेले, चार लोकांत तोंड दाखवायची लाज वाटणारे. आजचे बोलणे आहे ते मुख्यतः त्यांच्याविषयी.

त्यांच्याविषयी माहिती कोठून मिळते, तेही सांगितलेले बरे. एक म्हणजे खुद्द त्यांचे अभंग. संतमंडळींनी आग्रह केला म्हणून संकोचत संकोचत त्यांनी आपली हकीकत काही अभंगांत सांगितली आहे. दुसरे म्हणजे ताहराबादचे महिपतीबुवा. त्यांनी 'भक्तलीलामृत' १७७४ साली पुरे केले, म्हणजे तुकोबांच्या मागे सुमारे सव्वाशे वर्षांनी. तेव्हा महिपती जे सांगतात त्यात परंपरेने चालत आलेल्या आख्यायिका पुष्कळ आहेत. त्या आख्यायिका म्हणूनच घ्याव्यात. तुकोबा स्वतः जे सांगतात ते मात्र थोडे, कोरडे आणि स्पष्ट आहे.

तुकोबा जन्माचे दरिद्री होते, असा एक समज कीर्तनांतून पसरला आहे. तो खरा नाही. त्यांचा जन्म १६०८ सालचा असे बहुतेक अभ्यासक मानतात. घराणे कुणब्याचे, व्यवसाय वाण्याचा, आणि गावच्या पेठेची महाजनकी घरात. शेती होती, दुकान होते, माल वाहणारे बैल होते, सावकारी होती. आठ पिढ्यांमागे विश्वंभरबाबा नावाचे पूर्वज पंढरीचे वारकरी होते. त्यांनी देहूत विठ्ठल-रखुमाई आणली असे परंपरा सांगते. म्हणजे देऊळही घरचेच. वडील बोल्होबा, आई कनकाई, थोरले सावजी, मधले तुकोबा, धाकटे कान्होबा. सावजींचे चित्त पहिल्यापासून संसारात नव्हते, म्हणून दुकानाचा भार कोवळ्या वयातच तुकोबांच्या अंगावर पडला. त्यांनी तो चांगला वाहिलाही. पहिली बायको रखमाबाई दम्याने आजारी, म्हणून पुण्याच्या गुळवे सावकारांची मुलगी जिजाई दुसरी केली. पुण्याच्या सावकाराने आपली मुलगी सवतीवर द्यावी, यावरूनच त्या घराची पत किती होती ते कळते.

आणि मग पडझड सुरू झाली. घराचे वासे एकामागून एक निखळावेत तशी. परंपरेप्रमाणे तुकोबांचे वय सतराच्या घरात असताना आई-वडील गेले. वर्षभरात थोरली भावजय गेली. बायको गेल्यावर सावजी तीर्थयात्रेला म्हणून निघाले ते परत आले नाहीत. तरी दुकान चालू होते. घरातली माणसे जातात तेव्हाही गिऱ्हाईक दारात उभे असते आणि त्याला मीठ-मिरची तोलून द्यावी लागते. ज्यांचे दुकान आहे त्यांना हे सांगायला नको.

१६३० साली पाऊस गेला. गुजराथ आणि दख्खन मिळून केवढा तरी मुलूख त्या दुष्काळाने होरपळला. शहाजहान बादशहाचा तळ तेव्हा निजामशाही बुडवण्यासाठी बऱ्हाणपुरास पडला होता. त्याचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने नोंदवले आहे, की भाकरीसाठी माणूस जीव विकायला तयार होता पण घेणारा मिळत नव्हता, आणि हाडे कुटून पिठात मिसळली जात होती. पुण्यावर तर त्याच सुमारास विजापूरच्या मुरार जगदेवाने हल्ला केला आणि गाव जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला. देहू तिथून एका दिवसाच्या वाटेवर.

१९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे गावोगाव आहेत. या मंडपातही असतील. खडी फोडलेले हात, पाझर तलावावर वाहिलेल्या मातीच्या पाट्या, ती सुकडी, तो मिलो ते विसरलेले नाहीत. दावणीची जनावरे सोडून देताना घरातला कर्ता पुरुष गोठ्यात जाऊन कसा रडला, हे सांगणारी माणसे आहेत. पण त्या साली हाताला काम मिळाले, पोटाला काहीतरी मिळाले. १६३० साली लढायांनी पोळलेल्या पुणे परगण्यात रयतेला विचारणारे कोणी उरले नव्हते.

दुष्काळात वाण्याचे काय होते? बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, वाणी तर दुष्काळात पैसा करतो. काही करतातही. पण ज्याचा पैसा कुळांकडे उधारीत अडकला आहे, ज्याची कुळेच गाव सोडून परागंदा झाली आहेत, त्याचे दुकान आतून पोकळ होते. माल भरायला भांडवल नाही, बैल मेले, पत गेली. तुकोबांचे दिवाळे निघाले. त्या दिवसांत घरात अन्नाचा कण नव्हता. धान्याचा व्यापार करणाऱ्याच्या घरात रखमाबाई अन्न अन्न करीत गेली. तिचा मुलगा संतोबा, तोही गेला.

तुकोबा हे सारे सांगतात तेव्हा एक शब्द वापरतात, त्याकडे लक्ष द्यायला हवे. आपल्याला लाज वाटली असे ते म्हणतात. दुःख झाले हे तर आहेच. पण दुष्काळाने पैशाबरोबर मानही नेला, याची बोच त्यांना होती. गरिबाला भूक लागते तेव्हा नुसती भूकच असते. काल ज्याच्या ओसरीवर पेठेचे तंटे सुटत होते त्याला भूक लागते तेव्हा शेजारी खिडकीतून पाहत असतात. ज्यांच्या घरावर कधी जप्ती आली असेल, ज्यांनी सोयऱ्याच्या दारात उसने मागून रिकाम्या हाताने माघारी पाय टाकला असेल, त्यांनाच ही लाज कळेल.

आता येथे एक प्रश्न उभा राहतो. दुःखाने माणूस मोठा होतो असे सहज म्हटले जाते. सांत्वनाला आलेले पाहुणेसुद्धा असेच काहीतरी बोलून चहा पिऊन जातात. पण दुष्काळ काय एकट्या तुकोबांवर आला होता? पुणे, जुन्नर, सुपे, अवघा मुलूख त्यात सापडला. हजारो घरांत रखमाबाई गेल्या, हजारो संतोबा गेले. त्यांतली किती माणसे कडवट झाली, किती वेडी झाली, किती चोऱ्यामाऱ्यांना लागली. दुःखात माणसाला मोठे करण्याचा अंगचा गुण असता, तर दुष्काळानंतर सारे पुणे परगणेच संतांचे झाले असते. तेव्हा दुःखाला फार श्रेय देऊ नये. पाहायचे ते हे, की या माणसाने त्या पडझडीनंतर नेमके काय केले.

परंपरा सांगते की ते भामचंद्र डोंगरावर जाऊन बसले. धाकटा भाऊ कान्होबा शोधत शोधत तेथे पोचला, आणि दोघे खाली इंद्रायणीच्या काठी आले. तुकोबांनी घरातून सावकारीची सारी खते, कर्जरोखे मागवले आणि नदीत टाकायला निघाले. दुष्काळाने नागवलेल्या कुळांकडून वसुली करायची नाही, हे त्यांच्या मनाने घेतले होते. कान्होबांनी हात धरला. त्यांचे म्हणणे सरळ होते: तुम्ही साधू झालात, पण माझ्या लेकराबाळांनी काय खायचे? तेव्हा तुकोबांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या. निम्मी कान्होबांच्या हातात दिली, आणि आपल्या हिश्श्याची तेवढी इंद्रायणीत सोडली.

कीर्तनांत हा प्रसंग सांगताना कान्होबांना उगाच लहान केले जाते. ते बरोबर नाही. कान्होबांचे काही चुकले नव्हते. दुष्काळातून उठणाऱ्या घराला कोणीतरी जमाखर्च पाहणारा लागतो. आणि तुकोबांचा मोठेपणा जसा खते बुडवण्यात आहे तसाच भावाची निम्मी न बुडवण्यातही आहे. दुसऱ्याच्या वाट्याचे दान करायला काय लागते? पुण्य आपल्या नावावर, खर्च भावाच्या! तसे त्यांनी केले नाही. स्वतःचे होते तेवढेच सोडले, आणि त्या बुडालेल्या कागदांबरोबर पेठेतल्या कित्येक घरांची झोप परत आली असेल.

याच सुमारास त्यांचे लक्ष देवळाकडे गेले. पूर्वजांचे देऊळ भंगले होते. ते स्वतः इतकेच म्हणतात, की देऊळ पडलेले होते आणि ते करावे असे चित्तास आले. बस्स, एवढेच. साक्षात्कार झाला म्हणून देऊळ बांधले असे ते म्हणत नाहीत. अभंगातला क्रम नीट पाहिला तर उलटे दिसते. आधी देऊळ, मग एकादशीचे कीर्तन, मग कितीतरी पुढे स्वप्नात गुरूंचा उपदेश, आणि त्याच्याही पुढे कवित्व. मन शांत झाल्यावर त्यांनी काम हाती घेतले नाही. मन विस्कटलेले असतानाच, समोर जी पडकी भिंत दिसली ती उभी करायला घेतली. घर पडले होते, व्यापार पडला होता, ते काही आता त्यांच्या हाताने उठणारे नव्हते. ही भिंत उठणारी होती. दगड रचायला आणि माती तुडवायला पत लागत नाही, सावकाराची हमी लागत नाही.

ज्यांनी या जीर्णोद्धारात श्रमदान केले आहे त्यांना हे पटेल. दिवसभर पाट्या वाहिल्यावर रात्री जी झोप लागते ती काळजी करून दमलेल्याला लागत नाही.

देऊळ झाल्यावरही ते एकदम पुढे येऊन उभे राहिले नाहीत. अभ्यासाला चित्त लागत नव्हते, हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले आहे. तेव्हा त्यांनी संतांची वचने थोडी थोडी पाठ केली. दुसरा कोणी कीर्तनाला उभा राहिला की मागे राहून धृपद धरले. म्हणजे काल पेठेचा महाजन असलेला माणूस टाळकऱ्यांच्या ओळीत मागे उभा राहून दुसऱ्याचे सूर ओढत होता. शरीर झिजवून दुसऱ्याच्या उपयोगी पडता आले तर पडावे, असा नेम त्यांनी धरला. भंडाऱ्याच्या डोंगरावर ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत, नामदेवांचे अभंग यांची पारायणे चालू असत. वर्षानुवर्षे हे असेच चालले. या मधल्या काळाविषयी चमत्काराच्या गोष्टी फारशा नाहीत, म्हणून कीर्तनकार तो चटकन ओलांडतात. पण खरी बांधणी झाली ती या काळात.

आणि वाणीपण वाया गेले असे तरी कोठे आहे? त्यांचे अभंग उघडून पाहावेत. माप आहे, भांडवल आहे, मुद्दल आहे, दिवाळे आहे. दुकानावर शिकलेली भाषाच पुढे परमार्थाच्या कामी आली. आयुष्यात जे बुडाले त्यातलेच असे पुष्कळ काही वर आले.

या साऱ्यात एक बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. ती बाजू जिजाईची. तिला आवली म्हणत. कजाग बाई, नवऱ्याला छळणारी, अशी तिची ख्याती करून ठेवली आहे. पण तिच्या जागी उभे राहून कोणी पाहिले आहे का? सावकाराची लेक, भरल्या घरात आली आणि दिवाळ्यात सापडली. महिपती सांगतात, की तिने एकदा आपल्या शब्दावर दोनशे रुपये कर्ज काढून नवऱ्याला व्यापाराला दिले. माल विकून त्याचे अडीचशे झाले. आणि येताना वाटेत कोणी अडलेला ब्राह्मण भेटला, त्याला ते सारे देऊन महाराज हात हलवीत घरी आले. कर्ज काढणारी बाई त्या दिवशी काय बोलली असेल? आज कोणत्याही घरात जे बोलले जाईल तेच! तरीही तीच बाई रोज भाकरी बांधून भंडाऱ्याचा डोंगर चढत होती, आणि नवरा जेवल्याशिवाय जेवत नव्हती. पोरे तिने वाढवली. एकाच्या आयुष्याला अर्थ सापडतो तेव्हा त्याची किंमत पुष्कळदा शेजारचे माणूस भरत असते. तुकोबांच्या नावाने जयजयकार करताना आवलीच्या पायाला टोचलेला काटाही आठवावा.

बरे, इतके सोसून झाल्यावर तरी वाट सरळ झाली का? तीही नाही. कवित्व सुरू झाले, लोक ऐकायला येऊ लागले, आणि नेमका तेव्हाच दुसरा घाव बसला. कुणब्याने असे अभंग रचू नयेत, म्हणून वाघोलीच्या रामेश्वरभटांनी निषेध केला आणि वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. ज्या नदीत पूर्वी खते बुडवली त्याच नदीत. पण खते बुडवली होती राजीखुशीने. या वह्या म्हणजे पडझडीतून वर काढलेले सगळे धन होते, आणि ते बुडवावे लागले दुसऱ्याच्या सांगण्यावरून. तुकोबा काठावरच्या शिळेवर धरणे धरून बसले. तेरा दिवस अन्नपाणी नाही असे परंपरा सांगते. एकदा सावरलेला माणूस पुन्हा कोसळत नाही असे थोडेच आहे! पहिल्या वेळी भुकेने नेले ते घर. या वेळी भीती होती ती आतले सारे जाण्याची.

वह्या कोरड्या वर आल्या, देवाने राखल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे, आणि तुकोबांनीही नारायणाने समाधान केले असेच म्हटले आहे. कोणी असेही म्हणतात की अभंग तोवर लोकांच्या मुखी झाले होते, त्यांना बुडवणार कोण? दोन्ही गोष्टी ऐकून ज्याने त्याने आपले मत करावे. निर्विवाद आहे ते हे, की ज्या रामेश्वरभटांनी निषेध केला तेच पुढे तुकोबांचे शिष्य झाले आणि त्यांनी तुकोबांची आरती रचली. तुकोबांनी मनात अढी धरली असती, तर हे कसे घडते? देवळाच्या भिंतीपेक्षा अशा भिंती लिंपणे अवघड असते. गावात राहणाऱ्यांना हे ठाऊक आहे. बांधाच्या एका वितीवरून दोन दोन पिढ्या बोलणे बंद असलेली घरे कोणत्या गावात नाहीत?

पुढे मान आला, नाव झाले. शिवाजी महाराजांनी नजराणा पाठवला आणि तुकोबांनी तो परत केला, अशी परंपरा आहे. खाली आपटताना सावरणे अवघड, तसे वर चढताना सावरणेही अवघड, कदाचित अधिकच. तेवढ्यात दिवाळे आठवणारा माणूस वाचतो.

त्या दिवाळ्याबद्दल तुकोबांनी एका अभंगात देवाला सांगून टाकले आहे, की झाले ते बरे झाले. दिवाळे निघाले ते बरे, दुष्काळाने पीडले ते बरे. हे वाचून कोणी दचकेल. ज्याची बायको उपाशी मेली तो असे म्हणतो? पण हे म्हटले केव्हा, ते पाहावे. दुष्काळात त्यांनी असे म्हटले नाही. तेव्हा लाज होती, तळमळ होती. दुसऱ्याला तर त्यांनी हे कधीच ऐकवले नाही, की तुझे दिवाळे निघाले हे बरे झाले. कितीतरी वर्षांनी, काम उभे राहिल्यावर, स्वतःच्याच बाबतीत, देवासमोर त्यांनी हा हिशेब मांडला. तोवर वाट पाहायची तयारी ठेवावी लागते. शेजाऱ्याच्या घरी मयत झाल्यावर तिसऱ्या दिवशी हा अभंग सांगायला जाऊ नये. त्या घरी पिठले-भाकरी घेऊन जावे.

तुकोबा फाल्गुन वद्य द्वितीयेला गेले. तुकाराम बीज म्हणून तो दिवस देहूत आजही साजरा होतो. त्यानंतर आवलीचे पोर नारायण वाढले, आणि १६८५ साली त्यांनी पालखीचा सोहळा सुरू केला, तो आषाढीला चालूच आहे. आणि कान्होबा? गाथेत कान्होबांचे अभंग आहेत. भाऊ गेल्यावर केलेले. त्यांत ते देवाशी कडाकडा भांडतात, त्याच्यावर आळ घेतात, माझा भाऊ मला परत दे म्हणून हट्ट धरतात. इंद्रायणीच्या काठावर ज्याने आपला निम्मा हिस्सा मोजून घेतला होता, तोच हा धाकटा भाऊ.